टायरच्या तळाचे जोडे

गेल्या महिन्यात माझ्या नातवाने, ओंकारने, धरमपेठेतल्या एका दुकानदाराला घरी बोलावलं. आमच्या खानावळीची दुसरी शाखा बेसाला निघते आहे आणि तिथल्या स्वयंपाकघरातल्या माणसांसाठी कपडे ठरवायचे होते. दुकानदार पोरगा मोठा चुणचुणीत. त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर काळे कोट, काळे एप्रन, काळ्या टोप्या अशा मांडल्या, की घरात कुणी गेलं की काय असं वाटावं. माझं मत कुणी विचारलेलं नव्हतं. पण माझ्याच टेबलावर माल मांडायचा आणि मी मात्र शेजारी बसून गुमान चहा प्यायचा, हे माझ्या स्वभावात बसत नाही. मी एका कोटाच्या दुमडीतून धागा ओढला, देवघरातली काडेपेटी आणली आणि काडी पेटवून धागा तिच्यावर धरला. धागा धड जळला नाही. आक्रसला, चरचरला आणि टोकाला त्याचा काळा टणक मणी झाला. "आजी, हे काय करून राहिल्या तुम्ही?" म्हणत तो पोरगा खुर्चीवरून अर्धा उठला. ओंकार हसत म्हणाला, "घाबरू नको बे. आमच्या घरी कपडा असाच पसंत करतात." असाच पसंत करतात हे त्याला ठाऊक आहे, पण का, ते मी त्याला कधी नीट सांगितलेलं नाही. ते आता लिहून ठेवते.

आमचं घर जुन्या नागपुरातल्या कोष्ट्यांच्या वस्तीत होतं. तीन खोल्या एकीमागे एक, आणि मागे अंगण. पुढची खोली सगळ्यांत मोठी, पण ती माणसांची नव्हती, मागाची होती. आमचा खड्ड्याचा माग. जमिनीत मांडीएवढा खड्डा, त्याच्या काठावर बाबा बसायचे, पाय आत सोडायचे आणि तळातल्या लाकडी पावड्या आलटून पालटून दाबायचे. वर हाताने धोटा इकडून तिकडे पळवायचा. खट् खटाक्, खट् खटाक्. शाळेत पाढे म्हणताना मी नकळत त्याच तालावर म्हणायचे आणि गुरुजी विचारायचे, मध्येमध्ये थांबतेस कशाला. मधल्या खोलीत माय चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास घराला कायमचा होता. बाहेरच्या माणसाला तो जाणवायचा, आम्हाला नाही. बाबा लुगडी विणायचे, बारीक सुताची, रुंद लाल किनारीची. त्यांच्या बोटांना एक खोड होती. समोर माणूस आला, की आधी त्याचा कपडा चिमटीत धरून पाहायचे, मग त्याच्या तोंडाकडे पाहायचे. एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाची बाही अशी काही चाचपली, की मामा मानपानाला विसरून आपली बाही सोडवत बसले. माय त्या दिवशी घरी येईपर्यंत बाबांशी बोलली नाही.

मग गिरणीच्या आणि यंत्राच्या साड्या आल्या. लुगडी नेसणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत गेल्या आणि त्यांच्या सुनांना गुळगुळीत, झटकली की वाळणारी साडी हवी होती. विणकरांच्या सोसायटीतून सूत मिळेनासं झालं. वस्तीत एकेका घरातला आवाज बंद पडत गेला. कुणी रिक्षा धरली, कुणी सावनेरकडे कोळशाच्या खाणीवर गेलं, आणि बऱ्याच घरांतल्या बायकांनी जे हातात होतं ते केलं, म्हणजे चूल पेटवली. आमच्या लोकांच्या हातचा रस्सा आधीपासून नावाजलेला होता. मायने मागच्या अंगणात टिनाचं छत टाकलं, दोन चुली घातल्या आणि शेजारच्या कौसाकाकूला हाताशी घेतलं. कौसाकाकू विधवा, अंगाने फाटकी, पण पाट्यावर बसली की मसाला लोण्यासारखा उतरवायची. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, भाजलेली ज्वारी, आणि मिरी इतकी की वाटणारीच्या नाकाला पाणी सुटावं. जवसाचं तेल कढईत तापलं की त्याचा तो कडवट, मातकट वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि माणसं वासामागे येत. मटणाचा रस्सा, त्यावर बोटभर लालभडक तर्री, ज्यांना मटण चालत नाही त्यांना पाटवडी. जेवणारे घाम पुसत, नाक ओढत जेवायचे आणि वाटी पुन्हा पुढे करायचे. आज मी तोच रस्सा करते तेव्हा लोक तिखट कमी करायला सांगतात. मी हो म्हणते आणि करत नाही.

बाबा मात्र त्या अंगणात पाऊल टाकत नव्हते. भांडण नव्हतं, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पण मागच्या बाजूला परकी माणसं पंगतीला बसली की बाबा पुढच्या खोलीत मागावर जाऊन बसायचे. मागावर एक शेवटचं लुगडं चढलेलं होतं. त्यापुढचं सूत घरात नव्हतं. ते लुगडं संपलं की माग रिकामा होणार, म्हणून बाबा ते संपवत नव्हते. दिवसाकाठी बोटभर विणायचे, मग फडक्याने लाकूड पुसायचे. "आपल्या घरी लोकं लुगडं घ्याले येत," ते एकदा माझ्यापाशी म्हणाले, "आता उष्टं टाकाले येऊन राहिले." मायच्या कानावर हे गेलं असणार, कारण मधल्या खोलीला दार नव्हतं. त्या दिवशी बाबांच्या ताटात भाकरी जरा जोरात पडली.

खरा पेच जागेचा होता. पावसाळ्यात टिनाचं छत गळायचं, जेवणाऱ्यांच्या वाटीत पाणी टपकायचं आणि अंगणात चिखल व्हायचा. गिऱ्हाईक पावसात परत जायचं. पुढच्या खोलीत रस्त्याला लागून बाकं टाकली असती तर खानावळ उभी राहिली असती, आणि त्या खोलीत माग होता. आषाढात कधीतरी मायने बाबांना जेवताना सांगितलं, "शकूचे बाबा, दसरा होऊन जाऊ द्या. मंग पुढची खोली मले द्या." बाबांनी घास तोंडात तसाच धरला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, उठून हात धुतले. तेव्हापासून घरात तो प्रश्न जेवायला बसल्यासारखा रोज आमच्यात बसायचा. मी सतरा-अठरा वर्षांची होते, एकुलती एक, दोघांचीही लाडकी, आणि मला दोघांचंही पटत होतं. माग गेला तर बाबांचं काय होईल, ही धास्ती मला सतत असायची. खानावळ बुडाली तर आम्हा सगळ्यांचं काय, ही दुसरी.

त्या काळी चुलीपाशी काय घालायचं, काय नाही, याचा कुणी विचार करत नव्हतं. घरातलं जुनं झालेलं लुगडं चुलीपाशी नेसायचं, इतकंच. पायांचा तर प्रश्नच नव्हता, चुलीपाशी सगळ्या अनवाणी. चुलीवर पाय पडू नये, चुलीसमोर जोडा येऊ नये, हे सांगावं लागत नसे. माय पहाटे चूल सारवायची, हळदकुंकू लावायची, पहिल्या भाकरीचा तुकडा आगीला द्यायची आणि मग कामाला लागायची. त्या वर्षी पोळ्याला कौसाकाकूच्या मुलाने तिला साडी आणली. तो एका कारखान्यात कामाला लागला होता आणि ही त्याची पहिली साडी. नायलॉनची, मोरपंखी, अंगावर ठरायची नाही इतकी सुळसुळीत. कौसाकाकूच्या आयुष्यात कुणी तिच्यासाठी म्हणून नवं असं काही आणलं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ती तीच नेसून आली. करीचा दिवस म्हणजे वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी. मारबतीची मिरवणूक पाहून लोकांचे लोंढे वस्तीतून परतत होते आणि आख्ख्या नागपुराला त्या दिवशी मटण हवं असतं. माय तिला म्हणाली, "कौसे, बदलून ये वं. तेलाचे डाग पडतीन." कौसाकाकू म्हणाली, "पडू दे. पोराच्या साडीत एक रोज तर काम करू दे मले." मायलाही ते मोडवलं नाही.

दुपारी गर्दी ऐन भरात असताना कौसाकाकू मोठं भगोणं उतरवायला वाकली आणि पदर खांद्यावरून घसरला. सुती पदर असता तर अडकून राहिला असता. हा पाण्यासारखा वाहत चुलीत गेला. मी पाट्यापाशी होते. भडका असा नव्हताच, साडी नुसती वितळत वर चढत गेली आणि काकूचं ओरडणं आणि लोकांचं ओरडणं एक झालं. माय कोपरापर्यंत कणकेत होती. तेवढ्यात मधल्या खोलीच्या उंबऱ्यातून बाबा आले. वाटेत माठाला गुंडाळलेलं ओलं पोतं त्यांनी असं ओढलं, की माठ फुटून घरभर पाणी झालं. ते पोतं काकूभोवती आवळून ते तिच्यासकट खाली बसले. आग विझली. काकूचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला होता, आणि साडी कातडीला चिकटून बसली होती. दवाखान्यात ती सोडवताना काकू बेशुद्ध पडली. ती वाचली, पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण त्या हाताची बोटं पुरती सरळ झाली नाहीत. आणि खानावळ निघाल्यापासून त्या दिवशी अंगणात पहिल्यांदा बाबांचं पाऊल पडलं, हे माझ्या लक्षात संध्याकाळी भांडी घासताना आलं.

दुसऱ्या दिवशी चुलीतल्या राखेत बाबांना त्या साडीचा वितळलेला एक गोळा सापडला. ते तो बोटांत धरून ओट्यावर बसले होते. मी चहा नेऊन दिला. "कपडा जळते त त्याची राख होते," ते म्हणाले. "फुंकर मारली का उडून जाते. हे पाह्य. हे माणसाले चिकटते. याले कपडा काहून म्हणतात?" त्या दिवसापासून त्यांनी काडेपेटी खिशात ठेवली. मायच्या, माझ्या, पाणी भरणाऱ्या बाईच्या, जो कपडा चुलीच्या आसपास दिसेल त्याचा एक धागा काढून ते जाळून पाहू लागले. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख झाली, की कपडा पास. मणी झाला की तो घरात राहायचा नाही. मायचा एक आवडता झंपर असाच गेला. ती कुरकुरली, पण काकूचा हात रोज डोळ्यांसमोर होता, त्यामुळे कुरकुर ओठांतच राहिली. मग एके सकाळी माझी झोप मोडली ती मागाच्या आवाजाने. खट् खटाक्, पूर्वीसारखा, न थांबता. बाबा ते शेवटचं लुगडं संपवत होते. इतके महिने जे बोटाबोटाने पुरवलं, ते त्यांनी आठवड्याच्या आत उतरवलं आणि बाजारातून स्वतः जाऊन जाडं सूत आणलं. चादरीचं सूत. लुगड्याच्या विणकराने ते हातात धरणं म्हणजे गवयाने बँडात बसणं. पण बाबांनी त्याचा ताणा मागावर चढवला आणि मायला म्हणाले, "तुह्या चुलीसाठी विणून राहिलो."

शिवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिवणाच्या क्लासला जात होते. एप्रन हा शब्द आमच्या घरात नव्हता, माय त्याला 'पुढचा कपडा' म्हणायची. त्या पुढच्या कपड्यावरून आम्ही तिघं जेवढे भांडलो तेवढे उभ्या जन्मात भांडलो नसू. मायला तो गडद हवा होता, तर्रीचे डाग झाकायला. बाबा म्हणाले, "डाग झाकाचे कशाले? दिसू दे. दिसला त धुशीन." मी तो अंगाबरोबर बेतला होता, दिसायला बरा, बाबांनी मला तो उसवायला लावला. कढत रस्सा अंगावर सांडला तर घट्ट कपडा तो कातडीवर धरून ठेवतो, सैल असेल तर चिमटीने ओढून लांब करता येतो, हे त्यांनी गरम पाण्याने स्वतःच्या मांडीवर करून दाखवलं आणि मायची बोलणी खाल्ली. समोरून दुहेरी कापड, छातीवर खिसा नको, बाह्या कोपराच्या वर, आणि पाठीला एकच गाठ, अशी की एक टोक ओढलं की आख्खा कपडा गळून पडावा. हे सगळं ठरलं आणि पहिलं थान मागावरून उतरलं तेव्हा पाहिलं, तर पांढऱ्या जाड कापडाला दोन्ही कडांनी लाल किनार. माय म्हणाली, "चुलीपाशी किनार कायले?" बाबा जरा ओशाळले. "बिनाकिनारीचं हातानं होतच नाही," म्हणाले. जेवायला येणारे लोक पुढे गमतीने म्हणायचे, या खानावळीत वाढणाऱ्या बायासुद्धा नवरीसारख्या किनारीत असतात.

मापं घ्यायची म्हणून बाबा आता अंगणात येऊ लागले होते. गिऱ्हाईक नसताना यायचे, पण यायचे. असेच एकदा मायच्या पुढच्या कपड्याची लांबी पाहायला ते तिच्यापुढे उकिडवे बसले आणि कपड्याचं टोक धरून तसेच राहिले. मायच्या पावलांवर उडालेल्या तेलाचे काळे ठिपके होते, जुने, नवे, एकावर एक. अंगठ्याचं नख नव्हतं. उजव्या टाचेवर फोड होता आणि त्यावर तिने हळद दाबलेली होती. बाबांनी आयुष्यभर माणसांचे कपडे पाहिले होते. "तुहे पाय असे कधी झाले वं?" त्यांनी विचारलं. माय कढईत उलथनं फिरवत होती, ती न थांबता म्हणाली, "तुम्ही खाली कधी पाहिलं?" रागाने नव्हे, अगदी सहज. बाबा उठून पुढच्या खोलीत गेले आणि त्या दिवशी माग चालला नाही. मला तेव्हा दोघांचीही इतकी कीव आली की मी तूप आणायच्या निमित्ताने शेजारी जाऊन रडले.

मग बाबा जोड्यांच्या मागे लागले. आधी रबरी चपला आणल्या. त्या चुलीपुढच्या तर्री सांडलेल्या फरशीवर अशा सरकल्या, की मी त्या घालून थेट भांड्यांच्या ढिगात गेले. शिवाय बोटं उघडीच. मग कापडी बूट आणले. बाबांनी त्यांवर गरम तेल ओतून पाहिलं. तेल आत मुरलं आणि मुरलेलं तसंच गरम राहिलं. ते बूट भंगारात गेले. शेवटी ते चौकातल्या मोच्याकडे जाऊन बसले आणि दोघांनी मिळून एक जोड उभा केला. वरून जाड, बंद कातडं, घोट्याच्या खालीच संपणारं. तळ जुन्या टायरचा, खाचा असलेला, म्हणजे फरशी धरून ठेवेल. आणि नाडी नाही, बक्कल नाही. "तेल आत गेलं त पाय झटकला का जोडा बाहेर पडला पाहिजे," बाबा मला समजावत होते, "गाठ सोडत बसशीन त पाय शिजून जाईन." दिसायला तो जोड इतका कुरूप होता, की मोच्यानेही तो कागदात बांधून दिला.

मायने तो पाहिला आणि कपाटाखाली सरकवला. "चूल माय आहे," ती म्हणाली. "मायपुढं कोणी जोडे घालून उभं राहते का?" बाबांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, हात गळ्यात बांधलेल्या कौसाकाकूनेही सांगितलं. माय कुठल्याच बाबतीत हट्टी नव्हती, पण या बाबतीत हलेना. तिचं म्हणणं सरळ होतं. सूत बंद झालं तेव्हा माणसं पाठ फिरवून गेली, घर जगवलं ते या चुलीने. तिच्यापुढे जोडे घालून उभं राहायचं तर काल जेवायला कुणी घातलं हे विसरल्यासारखं होईल. मी मनातल्या मनात दोघांना तोलत होते आणि कुणाचंच पारडं जड होत नव्हतं. नवरात्र बसलं. त्या दिवसांत खानावळ बंद असायची, आणि बाबा दिवसभर विणायचे. दसरा जवळ येत होता, आणि दसऱ्यानंतरची गोष्ट कुणी काढत नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सैनिकाचं हत्यार तलवार, तसं आमचं हत्यार धोटा. दरवर्षी बाबा माग धुऊनपुसून त्याच्यापुढे पाट मांडायचे, पाटावर धोटा, फणी, कांड्या. गेली काही वर्षं माय तिचं उलथनं आणि पाट्याचा वरवंटाही आणून ठेवायची. झेंडूच्या फुलांचा वास आणि खळीचा वास त्या दिवशी एक होऊन जायचा. मी मागावर हार घातला. माय कुंकवाचा करंडा घेऊन बसली आणि एकेका वस्तूला बोट लावत पुढे सरकू लागली. धोटा, फणी, उलथनं, वरवंटा. आणि वरवंट्याच्या शेजारी, पाटाच्या कडेला, ते कुरूप जोडे होते. धुतलेले, तेल लावलेले. मायचं बोट हवेत थांबलं. "हे पाटावर कोणं ठेवलं?" तिने विचारलं, पण विचारायची गरज नव्हती.

बाबा मागाच्या खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "म्या. हत्यार आहे न तेही. धोट्यासारखंच." बाबांनी मागाच्या लाकडावर हात ठेवला. "उद्या दसरा झाला का परवा मी माग काढतो," ते म्हणाले. "तुह्या कामाचं कापड विणून झालं, दोन-तीन वर्षं पुरते. खोली तुही. मले त्याच्या बदल्यात काही नको. फक्त चुलीपाशी हे घाल." एवढं बोलून ते खाली पाहू लागले. बाबांना मी त्याआधी काही मागताना पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मायच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती, कारण बोटाला कुंकू होतं. मग तिने डाव्या जोड्याला कुंकू लावलं. उजव्याला लावलं. अक्षता टाकल्या, आणि जोडे उचलून मागे अंगणात गेली. मी तिच्यामागे गेले. ती चुलीपुढे अनवाणी उभी राहिली, वाकून तिने चुलीला हात लावला आणि तो कपाळाला लावला, कुणाला चुकून पाय लागला की आपण लावतो तसा. चूल पेटवली. जाळ धरल्यावर तिने जोडे पायांत घातले आणि दोन पावलं चालून पाहिली. "जड आहे बाप्पा," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत आहे. चूल पेटेपर्यंत अनवाणी, पेटली की जोडे. आता शेगड्या गॅसच्या आहेत, तरी सकाळी पहिली शेगडी लावणारा माणूस जोडे बाहेर काढून आत येतो, हात लावतो, शेगडी पेटवतो, आणि मग जोडे घालतो. नव्या माणसाला हे कुणी शिकवत नाही, तो पाहून शिकतो. बेसाच्या शाखेसाठी त्या धरमपेठच्या पोराने शेवटी जाडं सुती कापड आणलं, पांढरं, सैल मापाचं, एका गाठीचं. लाल किनार लावायला तो आधी तयार नव्हता, हॉटेलात असं कोणी लावत नाही म्हणाला. ओंकारनेच त्याला सांगितलं, की किनार नसेल तर आजी उद्घाटनाला येणार नाही. मी असं काही म्हटलं नव्हतं, पण नातू आपल्या वळणावर गेला आहे हे पाहून बरं वाटलं.

बाबांनी शब्द पाळला. दसऱ्यानंतर त्यांनी माग स्वतः सोडवला, खिळा न ठोकता बसवलेली लाकडं एकेक करून बाहेर काढली आणि वर माळ्यावर ठेवली. गवंडी खड्डा बुजवायला माती घेऊन आला तेव्हा मात्र मायने त्याला दारातूनच परत पाठवलं. "खड्डा राहू दे," म्हणाली, "त्यावर गल्ला येईन." सुताराने खड्ड्याच्या तोंडाशी उतरतं टेबल बसवलं, आणि बाबा काठावर बसले, पाय आत सोडून, जसे आयुष्यभर बसत आले होते. खालच्या पावड्या तशाच होत्या, दोऱ्या तुटलेल्या, कशालाच न जोडलेल्या. समोर बाकांवर माणसं जेवायची, जाताना बाबांशी बोलायची, आणि बाबा त्यांच्या बाहीचा कपडा चिमटीत धरून पाहायचे. माय मागून ताटं घेऊन यायची, टायरच्या तळांचा धप धप आवाज करत, एकदाही न घसरता. मी एकदा वाकून टेबलाखाली पाहिलं, तर बाबांचे पाय पावड्या आलटून पालटून दाबत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. माय अंगणात गेली की थांबायचे, आली की पुन्हा सुरू. मी विचारलं, "बाबा, काय विणून राहिले?" ते मायच्या पायांकडे पाहत म्हणाले, "तुही माय चालून राहिली न, तेच."